आधी फ्रेमचं माप, मग क्रँकचं नाव

वाचकांचे प्रश्न : सायकलची जुळणी आणि दुरुस्ती

चतुर्थी आटोपली, पाऊस हटू लागला, की पत्रांत नव्या जुळणीचे बेत दिसू लागतात आणि त्यांच्या जोडीला पावसात कुजलेल्या सायकलींची गाऱ्हाणीही येतात. या वेळी बहुतेक पत्रं क्रँकभोवतीच, म्हणजे पेडलं ज्यांना लागतात त्या दांड्यांभोवतीच, फिरत होती, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माउंटन बाइक स्वतःच जुळवतो आहे. स्टीलची हार्डटेल (मागे शॉक नसलेली) फ्रेम आली आहे. चाकं २९ इंची, मागचा हब १४८ मि.मी. बूस्ट, बारा गिअरची १०-५१ कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) घेऊन झाली. क्रँकसेटवर गाडी अडली आहे. समोर तीन पर्याय आहेत : शिमानो डिओर, स्रॅमचा डब ॲक्सलवाला क्रँक, आणि एका ओळखीच्याकडे पडून असलेला ३० मि.मी. ॲक्सलचा हलका, वापरलेला क्रँक. तिसरा स्वस्तात मिळतो आहे. कुठला घ्यावा?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : तिन्ही कामाचे आहेत. पण ज्या मापावर निवड ठरते तेच तुमच्या पत्रात नाही : बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकचा ॲक्सल, म्हणजे आस, ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या जोडीच्या) शेलचं माप. फ्रेम उलटी ठेवा, क्रँक ज्यातून आरपार जातो ते आडवं नळकांडं पुसून घ्या आणि व्हर्नियर लावा. रुंदी साध्या पट्टीनंही कळेल, पण आतला व्यास ४१ आहे की ४२ हे पट्टीवर दिसत नाही आणि नेमकी तिथेच फसगत होते.

आत आटे असतील आणि रुंदी ६८ किंवा ७३ मि.मी. भरली, तर तो बीएसए शेल. स्टीलच्या माउंटन बाइकला बहुधा ७३ चा असतो. आत गुळगुळीत भोक असेल तर प्रेस-फिट : व्यास ४१ आणि रुंदी ८९.५ किंवा ९२ असेल तर बीबी९२ घराणं, ४२ व्यासाचं बीबी३०, ४६ व्यासाचं पीएफ३०. आटे आहेत पण भोक मोठं, ४६-४७ च्या आसपास दिसतं, तर तो टी४७.

आता तुमचे तीन क्रँक. डिओरचा ॲक्सल २४ मि.मी. जाडीचा, स्टीलचा. डिओरपासून एक्सटीआरपर्यंत शिमानोनं ही जाडी एकच ठेवली आहे, त्यामुळे बॉटम ब्रॅकेट खालच्या मालिकेचा असो की वरच्या, अदलाबदल होते. स्रॅमचा डब २८.९९ मि.मी.चा, तो २०१८ साली आला आणि त्याला त्याच्याच मापाचा बॉटम ब्रॅकेट लागतो, मात्र तो बीएसए आणि प्रेस-फिट दोन्ही शेलसाठी मिळतो. तिसरा, ३० मि.मी.चा, मोठ्या भोकाच्या शेलसाठी उत्तम. बीएसएच्या कपात (शेलमध्ये आट्यांनी बसणाऱ्या बेअरिंगच्या वाटीत) किंवा ४१ मि.मी.च्या भोकात मात्र त्याची पंचाईत होते. बाहेरची मर्यादा ठरलेली, आतून ॲक्सल जाड झाला, म्हणजे मधल्या बेअरिंगला जागा उरते ती तुटपुंजी. छर्रे बारीक घालावे लागतात, सील पातळ होतं. कोरड्या हवेत असा बेअरिंग तग धरतोही; आपल्याकडच्या लाल चिखलात आणि चार महिन्यांच्या ओलीत लवकर निकामी होतो. शेल मोठ्या भोकाचा निघाला तरच तो क्रँक घ्या. नाहीतर आज वाचलेले पैसे बेअरिंगांत जातील.

शेल बीएसए ७३ आहे असं धरलं तर आमचं मत डिओरच्या बाजूनं. त्याची दोन कारणं आहेत. पहिलं, १०-५१ ही कॅसेट शिमानोची, म्हणजे चेनही बहुधा शिमानोचीच येणार. शिमानोच्या बारा गिअरच्या चेनमध्ये आतल्या पट्ट्या लांबवलेल्या आहेत. त्यामुळे दुसऱ्या पद्धतीच्या दात्यांवर ती नीट बसत नाही, घरघर करते. चेनरिंगही (पुढची दातेरी चकती) शिमानोच्या बारा गिअरची, किंवा त्या चेनसाठी चालते असं स्पष्ट लिहिलेली घ्या. दुसरं, डिओर सोडवायला ५ मि.मी.ची ॲलन की, टोपी फिरवायचं छोटं प्लास्टिकचं चाक आणि कपांचा पान्हा एवढं पुरतं. डब एकाच ८ मि.मी.च्या बोल्टवर निघतो हे खरं, पण त्याला ५४ न्यूटन-मीटर ताण (आवळायचा जोर) लागतो, म्हणजे लांब दांड्याचा पान्हा हवा. तो सोबत बाळगून कोणी मोल्याला जात नाही. स्रॅमची कॅसेट असती तर हाच सल्ला उलटा दिला असता.

डिओरमध्येही तीन जाती आहेत आणि दुकानदार विचारल्याशिवाय सांगत नाही. एफसी-एम६१००-१ ची चेनलाइन (फ्रेमच्या मध्यरेषेपासून चेनरिंगचं अंतर) ५२ मि.मी., एम६१२०-१ ची ५५, एम६१३०-१ ची ५६.५. शेवटचा १५७ मि.मी.च्या हबसाठी; तो विसरा. १४८ वर पहिले दोन्ही चालतात. ‘बूस्ट हब आहे म्हणजे ५५ च घ्या’ असं सर्रास सांगितलं जातं. आमचा कल ५२ कडे आहे. चेनरिंग जितकी बाहेर तितकी ५१ दात्यांवर चेन तिरकी होते, आणि चढावर सर्वांत जास्त वेळ तुम्ही तिथेच असता. चेन तिरकी राहिली की दाते एका बाजूनं झिजतात आणि पेडल मागे फिरवताच चेन खालच्या दात्यावर घसरते. मात्र ५२ ला चेनरिंग आणि चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची खालची नळी) यांच्यात किमान ४ मि.मी. फट राहते का ते आधी बघा. फ्रेम बनवणाऱ्यानं चेनलाइन आणि चेनरिंगचे जास्तीत जास्त दाते लिहून दिलेले असतील तर तोच शब्द अखेरचा.

दाते किती? २९ इंची, २.३ जाडीच्या टायरचा परीघ साधारण २.३ मीटर. मागे ५१ वर, पुढे ३० दाते असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल १.३५ मीटर पुढे जाते. ३२ ला १.४४, ३४ ला १.५३. मिनिटाला ६० फेरे धरले तर हे अनुक्रमे ताशी ४.९, ५.२ आणि ५.५ कि.मी. वरच्या टोकाला, मागे १० दाते आणि ९० फेरे धरून, ३० ला ताशी ३७ कि.मी., ३२ ला जवळजवळ ४०. म्हणजे ३० घेतल्यानं सपाटीवरचे तीन कि.मी. जातात आणि चढावर सहा टक्के ओझं उतरतं. चोर्ला घाटासारख्या डांबरी चढावर, जिथे लय धरून तासभर चढायचं असतं, ३२ पुरेसं आहे. कुळागरांतल्या (सुपारी-माडांच्या बागांतल्या) पायवाटा, सड्यावर चढणारे चिऱ्याचे उभे तुकडे, खनिजपट्ट्यातले सुट्या खड्यांचे रस्ते या वाटांवर बसून, मागचं चाक न घसरू देता चढायचं तर ३० घ्या. तुमच्या जुळणीला आम्ही ३० च सुचवू. छोट्या चेनरिंगला चेनस्टेपासूनही जास्त जागा मिळते. दाते जरा लवकर झिजतात, तेवढं सोसायचं.

(मोले, नेत्रावळी, म्हादई ही अभयारण्यं आहेत. आत सायकल नेण्याआधी वनखात्याची परवानगी विचारा.)

प्रश्न : दोन तुकड्यांचा शिमानो क्रँक आणला. सोबत २.५ मि.मी.चे तीन प्लास्टिकचे वॉशर आले आहेत. माझा शेल ६८ चा. ते कुठे घालायचे? गावात सायकलवाला आहे, पण त्याच्या हातात कॉटरच्या क्रँकची सवय. स्वतः बसवता येईल का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : येईल. कॉटर ठोकून बसतो, हा क्रँक ठोकायचा नाही. सायकलवाल्याला इतकं सांगितलं तरी पुरे.

आधी वॉशर. ६८ च्या शेलला उजवीकडे, म्हणजे चेनच्या बाजूला दोन आणि डावीकडे एक. ७३ च्या शेलला फक्त उजवीकडे एक, बाकीचे दोन डब्यात. हे पुढचा डीरेलर (चेन एका चेनरिंगवरून दुसरीवर टाकणारा) नसलेल्या किंवा पट्ट्यानं नळीवर आवळलेल्या सायकलीचं गणित. डीरेलरची पट्टी कपाखालीच दाबली जात असेल तर ती उजवीकडच्या एका वॉशरची जागा घेते. वॉशर चुकला तर चेनलाइन अडीच मिलिमीटरनं सरकते. शिवाय क्रँकचा डावा हात (पेडलचा दांडा) ॲक्सलवर पुरता चढत नाही, किंवा चढतो आणि आत खेळ राहतो. ‘नवा क्रँक हलतो’ अशा तक्रारींत पुष्कळदा मूळ दोष हाच असतो.

शेलच्या आट्यांत रंग साचलेला असेल तर तो काढायलाच हवा. कप हातानं पाच-सहा फेरे आत गेला पाहिजे. जात नसेल तर पान्हा लावून रेटू नका, १.३७ इंच २४ टीपीआयचा (इंचाला २४ आटे) टॅप, म्हणजे आटे पाडायचं अवजार, मारून घ्या. नव्याने रंगवलेल्या फ्रेमच्या शेलच्या कडांवरही रंगाचा थर असतो. तो खरवडून कडा एकमेकींना समांतर करून घेतल्या नाहीत तर दोन्ही बेअरिंग एका रेषेत बसत नाहीत आणि चांगला बॉटम ब्रॅकेटही वर्षात जातो. या दोन कामांना अवजारं महाग आहेत; ती असलेल्या वर्कशॉपकडूनच करून घ्यावीत.

आट्यांना भरपूर ग्रीस, शक्य तर अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप). उजव्या कपाचे आटे उलटे : घड्याळाच्या विरुद्ध दिशेनं घट्ट होतो. डावा नेहमीसारखा. दोघांच्या मधली प्लास्टिकची नळी विसरू नका, सीटच्या नळीतून येणारं पाणी तीच अडवते. ताण ३५ ते ५० न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच नसेल तर अंदाज असा : २० सें.मी. दांड्याच्या टोकावर २० किलोचा भार दिला की ४० न्यूटन-मीटर होतात. घरातल्या ताणकाट्यानं ओढून पाहा, हाताला एकदा सवय झाली की झालं.

मग उजव्या बाजूनं ॲक्सल आत. शेवटचा भाग अडला तर रबरी हातोडीनं हलकेच. डाव्या हाताच्या आतल्या खाचांत एक रुंद खाच असते, ती ॲक्सलवरच्या रुंद दात्याशी जुळवा. आता ती प्लास्टिकची टोपी. इथे माणसं चुकतात. टोपीचं काम फक्त खेळ काढणं, ०.७ ते १.५ न्यूटन-मीटर म्हणजे बोटांनी फिरवून जेवढी बसेल तेवढीच. जोर लावून आवळली की बेअरिंग बाजूनं दाबले जातात आणि क्रँक जड फिरू लागतो. टोपीनंतर डाव्या हाताच्या फटीतली छोटी पट्टी खाली दाबा. तिचा दांडा ॲक्सलच्या भोकात ‘टक’ करून बसला पाहिजे. बसत नसेल तर हात पुरता आत गेलेला नाही. परत वॉशर मोजा. शेवटी डाव्या हाताला ॲक्सलवर आवळणारे दोन्ही पिंच बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे, १२ ते १४ न्यूटन-मीटरपर्यंत. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला तर दुसरा खोटा घट्ट लागतो आणि पहिल्याच आठवड्यात सैल पडतो. शंभरेक कि.मी. झाल्यावर दोन्ही पुन्हा तपासा.

प्रश्न : उंची पाच फूट दोन इंच. क्रँक १७५ चा. सड्यावरच्या दगडांवर पेडल सारखं आपटतं आणि लांब फेरीनंतर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. १६५ घेतला तर चढावर ताकद कमी पडेल असं एक जण म्हणतात.
– एक वाचक, वाळपई

उत्तर : ते म्हणतात त्यात तथ्य आहे, पण त्यावर उतारा सोपा आहे. १७५ वरून १६५ म्हणजे तरफ पावणेसहा टक्के लहान झाली. चेनरिंग ३२ वरून ३० केली की गिअर सव्वासहा टक्के हलका होतो. हिशेब फिटला. चेनरिंग बदलायची नसेल तर मागे एक गिअर हलका घेऊन चढा.

फायदा मात्र दुहेरी आहे. पेडल खालच्या टोकाला १० मि.मी. उंच राहील, चिऱ्याच्या पायरीवर तेवढं अंतर पुष्कळ असतं. आणि सीट १० मि.मी. वर घ्यावी लागेल (ती घ्याच, पुष्कळ जण विसरतात), त्यामुळे पेडल वरच्या टोकाला असताना गुडघ्याला एकूण २० मि.मी. जास्त मोकळीक मिळते. तुमच्या उंचीला आम्ही १७० चा मधला मार्ग सुचवणार नाही, सरळ १६५ घ्या. दुखणं तेवढ्यानं थांबलं नाही तर सीटची पुढे-मागे जागा तपासा, आणि तरीही राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

सायकल फुल सस्पेन्शनची असेल तर क्रँक घेण्याआधी मागच्या शॉकची हवा बघा. हवा कमी असली की बसल्या बसल्याच बॉटम ब्रॅकेट खाली येतो आणि दोष क्रँकवर जातो.

प्रश्न : दिवाडीला राहतो. फेरीबोटीनं ये-जा आणि खाजनाच्या (खाडीकाठच्या शेतीच्या) बांधावरून रोजची फेरी. पावसाळ्यानंतर प्रत्येक पेडलला ‘कटक’ असा आवाज येतो. बॉटम ब्रॅकेट बदलायला नेला तर उजवा कप हलायलाच तयार नाही. आता?
– एक वाचक, दिवाडी

उत्तर : कप हलत नाही म्हणून बॉटम ब्रॅकेट गेलाच असं नाही. आवाजाचा उगम आधी शोधा. उभं राहून पेडल मारा. आवाज थांबला तर तो सीटपोस्टचा किंवा सीटच्या पकडीचा. थांबला नाही तर पेडल काढून, आटे पुसून, ग्रीस लावून परत बसवा. मग चेनरिंगचे बोल्ट एकेक सोडून तसंच. यातला एखादा उपाय पुष्कळदा लागू पडतो आणि फुकटात काम होतं. एवढं करून आवाज राहिला तर चेन चेनरिंगवरून उतरवून क्रँक हातानं फिरवा. वाळू दळल्यासारखं लागलं, किंवा हात आत-बाहेर ढकलल्यावर खेळ जाणवला, तर बेअरिंग गेले.

कप अडकण्याचं कारण तुमच्या पत्त्यातच आहे. मांडवीचं पाणी तिथे मचूळ, भरतीबरोबर खारट होणारं. फेरीच्या धक्क्यावर चाकांनी उडवलेलं ते पाणी खालून शेलवर येतं आणि सीटपोस्टच्या फटीतून शिरलेलं पावसाचं पाणी वरून उतरतं. ॲल्युमिनियमचा कप, स्टीलचा शेल आणि मध्ये मिठाचं पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच झाली. तिच्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत सिमेंटासारखी बसते. फ्रेमही ॲल्युमिनियमची असेल तर कप कमी अडकतो, पण मीठ त्यालाही सोडत नाही.

सोडवताना दिशा पक्की करा. उजव्या बाजूनं बघताना बीएसएचा उजवा कप घड्याळाच्या दिशेनं फिरवला की सुटतो. सवयीनं उलट रेटलं तर आणखी घट्ट होतो. तुमच्या कपाचं असंच झालं नसेल ना, एवढं विचारून घ्या. सायकल आडवी ठेवून कप आणि शेलच्या सांध्यावर भेदक तेल सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी पुन्हा सोडा. मग १६ खाचांचा पान्हा. तो हातानं धरला तर खाचांवरून उडतो आणि खाचा खातो. म्हणून क्रँक काढल्यावर शेलमधून लांब बोल्ट आरपार घालून, दोन्हीकडे मोठे वॉशर लावून पान्हा कपावर दाबून धरा आणि दांड्यात लोखंडी पाइप घालून लांबी वाढवा. वरच्या मालिकेतल्या कपांचा बाहेरचा व्यास लहान असतो, पान्हा त्या मापाचाच हवा. छिन्नी-हातोडी शेवटचा उपाय, तीही कप फेकायचाच आहे असं ठरल्यावर.

निघाल्यावर आटे पितळी ब्रशनं साफ करा, नव्या कपाला अँटी-सीझ लावा, आणि शेलच्या तळाशी पाणी निघायचं भोक आहे का बघा. असतं, पण चिखलानं बुजलेलं असतं. दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास कप एकदा काढून परत बसवा. अवजारपूजेच्या निमित्तानं ही आठवण पक्की राहते. रोज परतल्यावर गोड्या पाण्याचा हलका फवारा पुरे. स्कूटर धुण्याच्या जोरदार पाण्याखाली बॉटम ब्रॅकेट कधीच धरू नका. ते पाणी सील उलटवून घाण आत ढकलतं.

प्रश्न : जुनी २६ इंची सायकल. पुढे ४४-३२-२२, मागे आठ गिअर ११-३४. पुढचा डीरेलर काढून एकच चेनरिंग लावायची आहे. हाच क्रँक वापरता येईल?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : चेनरिंग बोल्टनं बसवलेल्या असतील तर येईल. स्वस्त क्रँकमध्ये त्या रिव्हेटनं ठोकलेल्या असतात. तसं असेल तर तो क्रँक तिथेच संपला. बोल्ट असतील तर शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. चार बोल्टांच्या क्रँकवर ७३.५ मि.मी. भरले तर त्याला १.४१४ नं गुणून १०४ येतात. हेच बोल्टांच्या वर्तुळाचं माप, आणि या मापात अरुंद-रुंद दात्यांची (चेन उतरू न देणारी) चेनरिंग सहज मिळते. ती मधल्या चेनरिंगच्या जागी बसवा, बाहेरच्या जागी नाही. बोल्टही आखूड घ्यावे लागतील; जुने दोन चेनरिंगसाठी असतात, ते पूर्ण आवळूनही चेनरिंग सैलच राहते.

खरी अडचण क्रँकची नाही. तुमचा आजचा सर्वांत हलका गिअर २२ आणि ३४, एका फेऱ्यात साधारण १.३४ मीटर. पुढे ३२ ठेवून मागची कॅसेट तीच राहिली तर तो १.९५ मीटर होईल, म्हणजे पंचेचाळीस टक्के जड. आल्तिनोचा चढ रिकाम्या हातानं चढणं एक आणि असं चढणं वेगळं. त्यामुळे कॅसेट न बदलता नुसती एक चेनरिंग हा बेत आम्हाला पटत नाही.

करायचंच असेल तर मागची बाजूही बदला. मायक्रोशिफ्ट ॲडव्हेंट एक्ससारखी दहा गिअरची ११-४८ कॅसेट घेतली, पुढे ३२, तर हलका गिअर १.३८ मीटर येतो, जवळजवळ आजचाच. वरच्या टोकाला मात्र ९० फेऱ्यांना ताशी ४५ ऐवजी साडेबत्तीस कि.मी. राहतील. पणजीच्या हमरस्त्यावर हे जाणवेल, रानात जाणवणार नाही. शिफ्टर आणि डीरेलर एकाच घरचे घ्या, कारण तार ओढण्याचं प्रमाण प्रत्येकाचं वेगळं असतं. चेन दहा गिअरची. आणि खर्चाआधी मागचा हब पाहा : त्यावर आट्यांचं फ्रीव्हील असेल तर ही कॅसेट चढणारच नाही, चाकच नवं लागेल.

दुसरा मार्ग जवळजवळ फुकट आहे. ४४ ची चेनरिंग काढा, तिच्या जागी बॅश गार्ड (दगडांचा फटका झेलणारी बिनदात्यांची चकती) लावा, पुढचा डीरेलर दोनच जागांवर थांबेल असा त्याचा बाहेरचा स्क्रू बसवा. ३२-२२ राहिले, हलके गिअर सगळे राहिले, दगडावर दाते वाकणं थांबलं. आम्ही हेच करू.

प्रश्न : चौकोनी ॲक्सलचा क्रँक. डावा हात दर पंधरा दिवसांनी सैल होतो. आवळला की काही दिवस बरा.
– एक वाचक, काणकोण

उत्तर : आता आवळून उपयोग नाही. सैल असताना चालवल्यामुळे स्टीलच्या चौकोनानं ॲल्युमिनियमच्या हाताचं भोक गोलसर केलं आहे. क्रँक पुलरनं हात काढून उजेडात धरा, कोपरे घासलेले दिसतील. ॲक्सल बहुधा शाबूत असतो, हात बदलावा लागतो. पत्र्याची पाचर घालून देणारे भेटतील; महिनाभरही टिकत नाही आणि ॲक्सलचे कोपरे खाते. नवा हात घेताना तो जेआयएस (जपानी प्रमाण) मापाचा आहे याची खात्री करा. आयएसओ आणि जेआयएसचा उतार सारखाच, पण टोकांची जाडी वेगळी, त्यामुळे चुकीच्या जोडीत हात चारेक मिलिमीटर आत किंवा बाहेर बसतो. ३५ ते ४० न्यूटन-मीटर ताण द्या, पहिल्या पन्नास कि.मी. नंतर एकदा तपासा.

प्रश्न : वापरलेला स्रॅमचा जीएक्सपी क्रँक मिळाला. फ्रेमवर आधीच शिमानोचा बॉटम ब्रॅकेट आहे. दोन्ही २४ मि.मी., तरी बसवल्यावर हलतो.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : दोन्ही २४ नाहीत. जीएक्सपीचा ॲक्सल उजवीकडे २४ आणि डावीकडे २२ मि.मी. आहे, आणि तो डाव्या बेअरिंगला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून जागेवर राहतो. शिमानोच्या डाव्या बेअरिंगमध्ये त्याला पकडायला काहीच मिळत नाही. जीएक्सपीचाच बॉटम ब्रॅकेट घाला. तोवर चालवू नका.

प्रश्न : हलकेपणासाठी कार्बन क्रँक घ्यावा का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : चिऱ्याच्या दगडांत फिरणार असाल तर नको. ॲल्युमिनियमवर ओरखडा पडतो आणि तो ओरखडाच राहतो. कार्बनवर तोच फटका आतले थर सोडवू शकतो आणि बाहेरून काही दिसत नाही. घेतलाच असेल तर टोकांना रबरी टोप्या घाला आणि पेडलखालचे वॉशर विसरू नका.

प्रश्न : घाईत डावं पेडल क्रँकच्या उजव्या हातात फिरवलं. दोन-तीन फेरे गेले, मग अडकलं. क्रँक गेला का?
– एक वाचक, साखळी

उत्तर : बहुधा नाही. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात; चुकीच्या हातात ते ॲल्युमिनियमचे पहिले काही आटे कापतात. पेडल काढा आणि ९/१६ इंच, २० टीपीआयचा उजव्या आट्यांचा टॅप आतल्या बाजूनं, म्हणजे फ्रेमकडच्या तोंडातून घाला. तिथले आटे अजून चांगले आहेत, ते टॅपला सरळ वाट दाखवतात. नंतर योग्य पेडल ग्रीस लावून हातानं पूर्ण आत जातं का पाहा. गेलं आणि ३५ न्यूटन-मीटरला धरलं तर काम झालं. आटे पुरतेच गेले असतील तर भोक मोठं करून हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवता येतं. जो हे काम रोज करतो त्याच्याचकडून ते करून घ्या, कारण भोक तिरकं पडलं तर पेडल प्रत्येक फेऱ्याला डुलत राहतं.